हॉटेलला बोललेला नवस

निवृत्त होणाऱ्या माणसाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, अशी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत जुनी रीत आहे. ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्यालाच घड्याळ का देतात, हे कोडं महादूभाऊ तामोऱ्यांना नोकरीभर पडलेलं होतं. तरी त्यांनी हॉलमध्ये घड्याळासाठी खिळा ठोकून ठेवला होता. रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून हयात गेलेला माणूस आधी जागा करतो आणि मग माल मागवतो. पण त्यांच्या निवृत्तीच्या ऐन तोंडावर कंपनीत एचआरला नवी बाई आली आणि तिने रीत मोडली. हारतुरे झाल्यावर महादूभाऊंच्या हातात एक गुळगुळीत पाकीट पडलं. आत सोनेरी अक्षरांचं कार्ड होतं. कुलाब्याच्या हॉटेल क्लॅरेन्डनमध्ये एका दांपत्याला एका रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. हॉटेल शंभर वर्षांहून जुनं, राजेमहाराजे उतरायचे तिथलं. महादूभाऊंनी ते कार्ड खिळ्याला अडकवलं आणि आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

आता बोईसरच्या सोसायटीत एखाद्याने नुसतं 'चाललोय' म्हटलं की कसं जायचं हे सांगणारे जिन्यातच भेटतात. तळमजल्यावरचा सुजीत पंपांचा धंदा करतो. पंपवाल्यांच्या एका मेळाव्यासाठी तो एकदा पंचतारांकित हॉटेलात राहून आलेला होता आणि त्या एका मुक्कामावर तो आजतागायत जगत होता.

"महादूकाका, खोलीतल्या फ्रीजला हात लावायचा नाही. उघडून बघायचा पण नाही. त्याला आतून समजतं."

"काय समजतं?"

"तुमची नियत. आणि बाथटबमध्ये बसायचंच. नाही बसलात तर सकाळी साफ करणारा येतो ना, तो ओळखतो. म्हणतो, पहिल्यांदाच आलेत."

महादूभाऊंनी मान डोलावली. पहिल्यांदाच चाललो आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. बायको पुष्पलता हिने नवी साडी काढून ठेवली आणि सोड्यांचं नि सुक्या बोंबलांचं एक गाठोडं बांधलं. "कोणाच्या घरी रायला जायचं आणि हात हलवत?" ती म्हणाली. ते घर नाही, हॉटेल आहे, असं महादूभाऊंनी समजावलं. तेव्हा तिने विचारलं, "मग तिथं कोण ऱ्हातच नाय काय?"  गाठोडं सामानात राहिलं.

इथवर सगळं नीट चाललं होतं. घोडं अडलं ते चिंचणीला, पुष्पलताच्या माहेरी. पुष्पलताने सहज म्हणून बापाला फोनवर हॉटेलचं नाव सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरीमामा मेहेर रिक्षा करून थेट दारात हजर झाले.

पंढरीमामा म्हणजे महादूभाऊंचे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, अंगात पांढरी बंडी, आणि डोळे समुद्राकडे बघून बघून कायमचे बारीक झालेले. सगळा जन्म होडीवर गेलेला. जावयाबद्दल त्यांचं मत लग्नाच्या वर्षीच ठरलं होतं. नव्या जावयाला कौतुकाने होडीत बसवून नेलं, तर किनारा दिसत असतानाच जावयाने सकाळचं सगळं खाल्लेलं समुद्राला अर्पण केलं. तेव्हापासून मामा त्यांना मान देत, जावयबापू म्हणत, जेवताना माशाचा मधला तुकडा वाढायला लावत. फक्त कुठल्याही महत्त्वाच्या बाबतीत त्यांचा विचार घेत नसत. महादूभाऊंना हे सलत असे. स्टोअरमधल्या हजारभर जिनसा तोंडपाठ असलेल्या माणसाची किंमत एका उलटीवरून ठरावी, हे काही बरं नाही.

"जावयबापू," मामा उंबऱ्यातूनच म्हणाले, "तुमी क्लॅरेन्डनला चालला, खरं हाय?"

"हो मामा. बसा ना."

"बसतो. माजा नवस हाय तिचा."

"कुणाचा?"

"हाटेलाचा."

महादूभाऊंनी पुष्पलताकडे पाहिलं. ती हसली नाही. तिला ठाऊक होतं. महादूभाऊंनाही ठाऊक असायला हवं होतं, कारण ही गोष्ट चिंचणीच्या प्रत्येक लग्नात निघे. पण लग्नात जेवणाची पंगत बसली की महादूभाऊ गोष्टी ऐकत नसत. त्या दिवशी त्यांनी ती पहिल्यांदा नीट ऐकली.

पुष्पलता पाळण्यात होती त्या साली. चौघं जण मुंबईच्या बंदरात मासळी घालून परत निघाले होते. खंडेराव नाखवा, पुंडलिक, डोंगराकडच्या पाड्यावरून खलाशी म्हणून आलेला सुका, आणि पंढरीमामा. वादळ आलं. इंजिन बंद पडलं, शीड फाटलं, आणि मुंबईतले दिवे एका झटक्यात गेले. अख्खं शहर काळं. कुठं खडक, कुठं किनारा, काही कळेना. सुका रडायला लागला. खंडेरावाने वल्हं टाकून दिलं. आणि तेवढ्यात त्या काळोखात, उंचावर, एकच दिवा दिसला.

"आमाला वाटलं, टेकडीवर देवीचं देऊळ हाय," मामा म्हणाले. "चौघांनी हात जोडले. म्हटलं, आई, जमिनीला लाव, तुज्या पायाशी एकेक नारळ फोडतो. त्या दिव्यावर नजर ठिवली आनि वल्हवत आलो. सकाळी बगतो तर देऊळ कुठंय? हाटेल."

"मग नवस लागू होतो का?" जिन्यातून वर आलेल्या सुजीतने विचारलं. त्याला बोलावलं कुणी नव्हतं.

"बोलताना देवाचं नाव विचारलं नव्हतं. दिवा बगून बोललो. आनि पोचलो का नाय?"

नवस लटकलेला राहिला तो तेव्हापासून. फेडायला मामा तीनदा गेले. पहिल्यांदा फेटेवाल्या दरवानाने हाकललं. दुसऱ्यांदा दरवानाने मासळी मागच्या दाराला द्यायला सांगितलं. तिसऱ्यांदा मामांनी समोरच्या पदपथावर नारळ आपटला, तर तो फुटायच्या ऐवजी घरंगळत गटारात गेला. म्हणजे घेतला नाही. गावच्या भगतालाही विचारून झालं होतं. दिवा होता त्याच जागी फेडावा लागेल, असं त्याने सांगितलं होतं. खंडेराव गेला, पुंडलिक गेला, गेल्या साली सुकाही गेला. जाताना प्रत्येकाने मामांना एकच सांगितलं होतं, माझा तेवढा फोड.

"आता मीच उरलोय," मामा म्हणाले. "मी गेलो की नवस बुडाला. वर चौघं भेटलो की काय सांगू?"

"आजोबा, हल्ली ऑनलाइन नवस फेडतात," सुजीत म्हणाला. पुष्पलताने त्याला चहा न देता खाली पाठवलं.

मग ती महादूभाऊंकडे वळली. "मी नाय येत. कार्डावर दोघंच लिवलेत ना? बाबांना न्या."

"अगं पण ते दांपत्यासाठी आहे!"

"मग? जावई नि सासरा हे काय लांबचं नातं हाय?"

नवी साडी परत कपाटात गेली. तिने ती घडी घालताना एकदा हाताने सारखी केली, ते महादूभाऊंनी पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. पण बापाचा जन्मभराचा नवस एका बाजूला आणि आपली न्याहारी दुसऱ्या बाजूला, असा तराजू समोर आल्यावर बोलायचं काय?

सुजीतच्या ओळखीच्या गाडीने दोघं कुलाब्याला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. रस्त्यावर जत्रा भरलेली. चष्मे, पितळी कंपास, चामड्याच्या पिशव्या, पुरुषभर उंचीचे फुगे, घोडागाडी, आणि प्रत्येक विक्रेता महादूभाऊंना 'सर' म्हणत होता. महादूभाऊंना ते आवडलं. आणि या सगळ्या गलक्याच्या मधोमध क्लॅरेन्डन उभं होतं. राखाडी दगडाचं, कमानींवर कमानी चढवलेलं, कोपऱ्यावर एक उंच बुरूज. बुरूज बघायला मान मागे न्यावी लागत होती. मामांनी मान मागे नेली आणि तशीच ठेवली.

"ही ती," ते हळूच म्हणाले. मग वाकले आणि पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या.

"मामा, वहाणा घाला! लोक बघतायत!"

"देवळात वहाणा घालून जाता काय, जावयबापू?"

दाराशी फेटेवाला, मिशीवाला दरवान उभा होता. त्याने कडक सलाम ठोकला आणि दार उघडलं. मामा थबकले. त्यांनी दरवानाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बग, आज सलाम करतो. असल्याच फेट्यानं मला दोनदा हाकललंय." दरवानाला मराठी कळत नसावी अशी महादूभाऊंनी प्रार्थना केली. "काका, तो मी नव्हे," दरवान शुद्ध मराठीत म्हणाला.

पुढे सामान तपासायचं यंत्र होतं. पट्ट्यावरून पिशवी आत गेली आणि पडद्यावर चार काळे गोळे उमटले. पट्टा थांबला. रक्षकाने पडद्यात डोकं घातलं. दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला.

"ये क्या है?"

"नारळ," महादूभाऊ म्हणाले, आणि नोकरीभर गेटपासवर सह्या केलेल्या माणसाला आज दुसऱ्याच्या गेटवर आपला माल समजावून सांगावा लागतोय या जाणिवेने त्यांचे कान तापले. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, असा नियम निघाला. नारळ खाद्यपदार्थ की पूजासाहित्य, यावर तिघा रक्षकांत मतभेद झाले. एकाचं म्हणणं, फुटेपर्यंत पूजासाहित्य, फुटल्यावर खाद्यपदार्थ. तेवढ्यात दुसऱ्या पिशवीतलं गाठोडं यंत्रातून बाहेर पडलं आणि सोड्या-बोंबलांचा वास दरवळला. मागे उभ्या असलेल्या गोऱ्या बाईने रुमाल नाकाला लावला. प्रकरण मॅनेजरकडे गेलं.

मॅनेजर यायला वेळ लागला, तेवढ्यात दोघांनी आत पाहिलं.

असं काही महादूभाऊंनी जन्मात पाहिलं नव्हतं. छत कुठेतरी फार वर होतं, आणि तिथून झुंबर खाली येत होतं ते येतच होतं. संगमरवरात माणसं उलटी दिसत होती. समोर एक जिना होता. वर जाता जाता त्याला दोन वाटा फुटत आणि त्या दोन्ही वाटांवर लाल गालिचा. पितळेचे कठडे इतके घासलेले की, ते रोज कुणी आणि कशाने घासतं हा स्टोअरकीपरचा विचारसुद्धा महादूभाऊंच्या मनात उशिराने आला. इथे मोठ्याने श्वास घेऊ नये असं त्यांना वाटलं. मामांनी एका लाकडी खांबावर हात ठेवला आणि तो वरून खाली हळूहळू फिरवला.

"सागवान," ते म्हणाले. "एका झाडाचा हाय. याची होडी बांदली असती तर माज्या नातवानं पन चालवली असती."

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर 'सलोनी' अशी पट्टी होती. तिने संगणकात बघत हसून म्हटलं, "वेलकम, मिस्टर अँड मिसेस तामोरे." मग वर पाहिलं. मिसेस तामोरेंच्या जागी बंडीतले पंढरीमामा हातात वहाणा घेऊन उभे होते. त्यांनी तिला नमस्कार केला. सलोनीचं हसू जरासुद्धा हललं नाही. शिक्षण म्हणतात ते हेच, असं महादूभाऊंना वाटलं.

तेवढ्यात काळ्या सुटातला मॅनेजर आला. तरुण, केस चापून बसवलेले, आणि इंग्रजी असं की महादूभाऊंनी आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. बुरुजावर नवस फेडायचा आहे, हेही ऐकून घेतलं. मग अतिशय आदराने नकार दिला. ही वारसा इमारत आहे. इथे भिंतीला साधा खिळा मारायचा तरी समितीची परवानगी लागते. दगडावर नारळ फोडणं म्हणजे तर विचारूच नका. आणि बुरुजाची खोली बरीच वर्षं विजेच्या कुलपात बंद आहे.

मामांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ते मॅनेजरच्या नाकाकडे बघत होते. "कुठला रं तू?"

मॅनेजर अडखळला. "वाणगाव," तो मराठीत म्हणाला.

"कोनाचा?"

आमच्या भागात या प्रश्नातून कुणी सुटलेलं नाही. कलेक्टर असो की चोर, 'कोणाचा' विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. मॅनेजरचं नाव ज्ञानेश निघालं, त्याचे आजोबा वाणगाव स्टेशनाजवळ भाताची गिरणी चालवायचे, आणि त्या गिरणीत मामांनी भात भरडून नेलेला होता. आता काम झालं, असं महादूभाऊंना वाटलं. पण उलटंच झालं. दिल्लीकडचा मॅनेजर असता तर हसून नाही म्हणाला असता आणि चहाला गेला असता. वाणगावच्या माणसाला नवस म्हणजे काय ते ठाऊक. ज्ञानेशला घाम फुटला. नाही म्हणावं तर नवस अडवल्याचं पाप, हो म्हणावं तर नोकरी. शेवटी त्याने मधला मार्ग काढला. नारळ पूजासाहित्य म्हणून आत सोडले, बोंबलांचं गाठोडं स्वतःच्या ताब्यात जप्त केलं आणि ते छातीशी धरून तो म्हणाला, "बघतो. सकाळी इंजिनिअरना विचारतो." जप्तीत एवढा उत्साह दाखवणारा अधिकारी महादूभाऊंनी पाहिला नव्हता.

"सकाळी?" मामा म्हणाले. "नवस दिवेलागणीला फेडायचा. दिवा दिसला त्या वेळेला."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला, त्यावर टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसलेले, आणि टेबलावर प्रेमी जोडप्याला शुभेच्छा देणारा केक. मामांनी एका राजहंसाची मान उचलून बघितली आणि परत होती तशी ठेवली. खिडकीतून खालचा बाजार दिसत होता. समुद्र नव्हता.

"मामा, पडा जरा. मी आंघोळ करून येतो," महादूभाऊ म्हणाले. सुजीतचे शब्द त्यांच्या कानात होते. बाथटब नावाच्या त्या पांढऱ्या होडीत ते अंग चोरून बसले, आणि पाणी गळ्यापर्यंत आल्यावर त्यांच्या मनात आलं की आपलं लग्न झाल्यापासून आपण एवढे निवांत कधी बसलो नव्हतो. पुष्पलता असती तर तिने बाहेरून विचारलं असतं, बुडालात काय? त्यांना तिची फार आठवण झाली.

बाहेर दिवेलागण झाली होती. दिवेलागणीला मामा घरी जे करत तेच त्यांनी इथे केलं. पिशवीतून उदबत्त्यांचा पुडा काढला, आणि देवाचं घर मोठं म्हणून एकदोन न लावता सगळा जुडगा लावला.

छतातलं यंत्र किंचाळायला लागलं तेव्हा महादूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं, टबातलं मात्र होतं तिथेच राहिलं. अंगात हॉटेलचा पांढरा झगा अडकवून, टबाशेजारचा फोन खिशात टाकून ते बाहेर धावले. खोलीत धूर, दार सताड उघडं, मजल्यावर माणसं पळतायत, भिंतीतून एक बाई शांत आवाजात इंग्रजीत सगळ्यांना बाहेर जायला सांगतेय. मामा पुढे गेले असणार, असं समजून महादूभाऊ गर्दीबरोबर खाली वाहत गेले.

आणि अशा रीतीने बोईसरचे एक प्रतिष्ठित नागरिक, सोसायटीचे माजी खजिनदार, डोक्याला फेस, अंगात गुडघ्यापर्यंतचा झगा आणि पायात कापडी सपाता अशा वेषात ऐन कुलाब्याच्या पदपथावर येऊन उभे राहिले. आजूबाजूला परदेशी पाहुणे, त्यांचे कॅमेरे, आणि समोरचा फूटपाथवाला. "सर, गॉगल?" त्याने विचारलं. त्याचंही बरोबर होतं. त्या अवतारात तेवढीच एक वस्तू कमी होती.

सलोनी पाहुण्यांची हजेरी घेत आली. "सर, तुमच्याबरोबरचे आजोबा?"

महादूभाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बंडी कुठेच नव्हती.  ऐंशी वर्षांचा माणूस, धूर, अनोळखी जिने. पुष्पलताला काय तोंड दाखवायचं? लाज, झगा, गॉगलवाला, सगळं त्या क्षणी गळून पडलं. ते दरवानाला ढकलून आत शिरले. मागून ज्ञानेश ओरडत धावला, "सर, आत जाता येत नाही! अलार्म झाला की सगळी कुलपं आपोआप उघडतात, पण..." आणि धावता धावता थांबला. "सगळी कुलपं उघडतात," तो पुन्हा म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वर," महादूभाऊ म्हणाले.

लाल गालिच्याचा जिना संपला, मग साधा जिना, मग लोखंडी गोल जिना लागला, इतका अरुंद की झगा दोन्हीकडे घासत होता. सगळी माणसं खाली धावत असताना मामा एकटे या वाटेने वर गेले होते, चार नारळ घेऊन. महादूभाऊंची छाती भात्यासारखी चालत होती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या पायांना मनातल्या मनात नमस्कार केला.

बुरुजाची खोली लहान होती, आठ बाजूंना आठ खिडक्या, कोळिष्टकं, कबुतरांची विष्ठा. मधोमध लोखंडी खांबावर जुना दिवा, काच फुटलेली, आत बल्ब नाही, तार नाही. मामा त्याच्या समोर मांडी घालून बसले होते. नारळ अंगाशी ओळीने मांडलेले. एकही फोडलेला नव्हता.

"मामा! अहो, जीव घेतलात माझा!"

मामांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. "जावयबापू, दिवा नाय. इज्जून गेला. नवस दिव्याला बोललो. आता फोडू कोनापुढं?"

महादूभाऊंनी घाईघाईने झग्याच्या खिशातून फोन काढला आणि त्याचा उजेड लावला. मामांनी मान हलवली. "हा दिवा नाय. हा फोन हाय."

 खालून गर्दीचा आवाज येत होता. इतकी वर्षं, तीन वेळचे हेलपाटे, एवढे जिने, आणि वर येऊन हे.  सासऱ्यासमोर रडणं बरं नव्हे, म्हणून महादूभाऊ ज्ञानेशकडे वळले आणि स्टोअरमध्ये माल न देणाऱ्या पोऱ्यावर ओरडावं तसे ओरडले. "तुमच्या खोल्यांत पलंगाशेजारी टेबललॅम्प आहेत. एक आण. आणि लांब वायर. जा!"

वाणगावच्या ज्ञानेशने एकदा महादूभाऊंकडे पाहिलं, एकदा मामांकडे. मग कोट काढला आणि पळाला.

तो परत आला तेव्हा हातात झालर लावलेला गुलाबी टेबललॅम्प होता आणि खालच्या मजल्यावरून ओढत आणलेली वायर. महादूभाऊंनी झालर काढली, जुन्या दिव्याच्या फुटक्या काचेत तो दिवा नीट उभा केला, आणि बटण दाबलं. आठही खिडक्यांच्या काचा पिवळ्या झाल्या. मामा उठले. हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू आले नाहीत.

"आता फोडतो," ते म्हणाले आणि दगडी उंबऱ्याकडे वळले.

"आजोबा, दगडावर नको, तो वारसा आहे!" ज्ञानेश कळवळला. मग त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. त्याने आग विझवायचं लाल लोखंडी नळकांडं उचललं आणि आडवं धरलं. "यावर फोडा. हे वारशात येत नाही."

मामांनी नारळ उचलला. "खंडेराव," ते म्हणाले, आणि एका घावात नारळ फुटला. "पुंडलिक." दुसरा. "सुका." तिसरा. सुकाचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा हलला. चौथा त्यांनी स्वतःचा फोडला, नाव न घेता. पाणी जमिनीवर सांडलं, कबुतरं उडाली. मग ते वळले आणि पहिल्यांदा खिडकीतून बाहेर पाहिलं.

खाली समुद्र होता. अजून पुरता काळोख पडला नव्हता. जहाजांचे दिवे लुकलुकत होते, आणि त्यांच्या अलीकडे, अगदी जवळ, पाण्यातून खडकांची काळी रांग वर आलेली दिसत होती. मामा बघत राहिले. मग त्यांनी बोट केलं.

"ते खडक बगा, जावयबापू. त्याच्या अल्याडला होतो आमी. तिथंच. तिथं सुका रडला, तिथं खंडेरावानं वल्हं टाकलं." ते थांबले. "एवढं जवळ व्हतं?"

"हो, मामा."

"आमाला वाटलं, जगाच्या टोकाला हाय दिवा. जीव सोडायला बसलो होतो. आनि हे एवढं जवळ?" त्यांनी खिडकीच्या चौकटीला हात धरले. "खंड्या, अरे बग रे. हाक मारली असती तरी ऐकू आली असती."

महादूभाऊंनी त्या खडकांकडे पाहिलं. त्या रात्री याच इमारतीत खाली लोक जेवत असणार, आणि तिथे, एवढ्या जवळ, चार माणसं मरायला टेकली होती, आणि मधे फक्त हा एक दिवा होता. तो दिवा नसता तर पाळण्यातली पुष्पलता पोरकी झाली असती. महादूभाऊंच्या अंगावर काटा आला. त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीत काहीतरी फार मोठं होतं. त्यांनी सासऱ्याचा हात धरला. मामांनी तो सोडवला नाही.

"सर, अलार्म बंद झालाय. पाहुणे वर येतील. लाइट घालवू?" ज्ञानेशने हळूच विचारलं.

"राहू दे रं," मामा म्हणाले. "कोन बाहेर असंल, काय म्हायती?"

ज्ञानेशने बटणाजवळ नेलेला हात मागे घेतला आणि खाली बसून तो नारळाचे तुकडे गोळा करायला लागला. महादूभाऊंनी पायातल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या, आणि झग्याचा पट्टा आवळून त्या टेबललॅम्पला हात जोडले.